पोराला कळत होतं का? बाल न्यायाचा एक जुना प्रश्न

मुंबईत डोंगरीला, उमरखाडी भागात मुलांचं निरीक्षण गृह आहे, लोक अजूनही रिमांड होमच म्हणतात. ती मूळची जेलची जागा. 1882 मध्ये बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पण त्याच तुरुंगात पुढे पोरांना ठेवायला लागले हे फार कोणाला माहीत नसतं. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवायला हवं हे आपल्याला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यावरही भिंती जुन्याच वापरल्या.

त्याआधी काय होतं? जुन्या इंग्लिश कायद्यात 7 वर्षांखालचं मूल गुन्हा करूच शकत नाही असं धरायचे. 7 ते 14 मध्ये त्याला कळत नाही असं गृहीत धरायचे, पण कळत होतं हे कोर्टात सिद्ध झालं की मग मोठ्यांचीच शिक्षा, अगदी फाशीसुद्धा. आपल्या 1860 च्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, तेच आलं, फक्त 14 च्या जागी 12, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही ते तसंच आहे. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर अडलेलं, पोराला कळत होतं का.

1899 मध्ये शिकागोत जगातलं पहिलं मानलं जाणारं बाल न्यायालय सुरू झालं तेव्हा हा प्रश्नच बदलला. जेन अॅडम्स, ज्युलिया लॅथ्रॉप, लुसी फ्लॉवर या बायकांनी मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेली मुलं बघितली होती आणि त्यांनी कायद्यासाठी जीव तोडून काम केलं. या पोरानं काय केलं यापेक्षा आता याचं पुढे काय करायचं हे कोर्ट बघणार, प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे मुलावर देखरेख ठेवणारा कोर्टाचा माणूस, घरी जाऊन चौकशी करणार. 1909 मध्ये विल्यम हिली नावाच्या डॉक्टरनं तिथे एकेका मुलाचा अभ्यास करायला क्लिनिक काढलं, मानसशास्त्र या कोर्टात आलं ते इथून.

पण माया करायची म्हणून नियमच सोडले की काय होतं तेही अमेरिकेतच दिसलं. 1964 ला अॅरिझोनात एका 15 वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला, ना वकील, ना तक्रार करणारी बाई समोर, आणि 21 वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवता येईल असा हुकूम. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त 50 डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती! 1967 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलालाही वकिलाचा हक्क आहे.

आपल्याकडे मद्रासचा कायदा 1920 चा, बंगालचा 1922, मुंबईचा 1924, प्रत्येक प्रांताचं वेगळं. देशभर एक कायदा यायला 1986 उजाडलं, त्यात मुलगा 16 पर्यंत बालक आणि मुलगी 18 पर्यंत. 2000 मध्ये दोघांनाही 18 केलं. मग डिसेंबर 2012 ची दिल्लीची सामूहिक बलात्काराची घटना, त्यातला एक आरोपी 18 ला काही महिनेच कमी, त्याला तीनच वर्षं, देशभर संताप, आणि त्यातून 2015 चा कायदा. 16 ते 18 मधल्या मुलानं ज्या गुन्ह्याला किमान 7 वर्षं शिक्षा आहे तसा गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळ, म्हणजे मुलांची प्रकरणं ऐकणारं मंडळ, प्राथमिक मूल्यांकन करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. तेव्हाही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. तो संताप मला पूर्ण समजतो. पण मूल्यांकनात इतर गोष्टींबरोबर बघायचं काय, तर परिणाम समजण्याची क्षमता, म्हणजे परत तेच, कळत होतं का.

आणि इथे विज्ञान वेगळं काहीतरी सांगतं. लॉरेन्स स्टाइनबर्ग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि इतरांच्या कामातून दिसलंय की शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्यात 16 वर्षांची मुलं साधारण मोठ्यांच्या बरोबरीला येतात. पण राग, भीती, दोस्तांचं प्रेशर असताना स्वतःला आवरणं विशीत जाऊन पक्कं होतं, कारण कपाळामागचा मेंदूचा भाग सगळ्यात शेवटी पूर्ण तयार होतो आणि बक्षिसाकडे, थराराकडे ओढणारा भाग त्याच्या आधीच जोरात असतो. 2005 च्या त्यांच्या एका प्रयोगात कॉम्प्युटरवर गाडीचा गेम होता, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की पुढे दामटायचं. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत, मित्र बघतायत म्हटल्यावर मात्र त्यांनी खूपच जास्त रिस्क घेतली, मोठ्यांवर मित्रांचा तसा परिणाम झाला नाही.

म्हणजे धोका आहे हे त्या पोराला कळत असतंच. कळूनही थांबता येत नाही ही त्या वयाची अडचण आहे. आता मूल्यांकन कसं होतं बघा, घटनेनंतर काही आठवड्यांनी, एका शांत खोलीत, एकट्याला बसवून, समोर अनोळखी मोठी माणसं, मित्र कोणी नाही. तिथे मुलगा सगळी उत्तरं बरोबर देईल, आणि त्यावरून त्या रात्रीचं ठरवायचं. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, मानसशास्त्र शिकलेलं कोणी असेलच असं नाही, म्हणून 2022 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तसं कोणी मंडळावर नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे.