रॉबिन्सच्या गोलने फर्गींची नोकरी वाचली?

मँचेस्टर युनायटेड हरली की परळच्या टपरीवर वाद ठरलेला: मॅनेजरला हाकला की ठेवा? मग कुणीतरी जुनी कथा काढतोच. १९९०मध्ये युनायटेडच्या मार्क रॉबिन्सचा गोल झाला नसता, तर तेव्हाचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन ऊर्फ फर्गी यांना नारळ मिळाला असता म्हणे.

सामना खरा. ७ जानेवारी, एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), नॉटिंगहॅम फॉरेस्टवर १-० विजय. त्याआधी स्टँडमध्ये फर्ग्युसन यांच्या विरोधात फलकही झळकला होता. पण क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर स्पष्टच सांगितलं: हरलो असतो तरी त्यांना काढणार नव्हतो. फर्ग्युसन पोरांची फळी खालपासून बांधत होते, ते संचालकांना दिसत होतं. (टपरीवर दिसत नाही, ते वेगळं.) त्याच मे महिन्यात कप आला, लीगच्या जेतेपदासाठी मात्र १९९३ उजाडलं.