पाच रेघांत बुवांची पट्टी

गणपतीत भजनाला पेटी धरणारी माणसं आमच्या सिंधुदुर्गात वाडीवाडीत आहेत, पण वेस्टर्न नोटेशनचा कागद समोर आला की तीच माणसं बाजूला सरतात आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातलं अर्धं त्यांना आधीच येत असतं. मे महिन्यात कुडाळची भाची कीबोर्ड क्लासचा कागद घेऊन आली, "मामा, ह्या वाचूचा कसा?" मग ओट्यावर पेटी मध्ये ठेवून बसलो दोघं.

तो कागद म्हणजे ग्राफ आहे हो, डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वर. पाच रेघांचा तो स्टाफ. रेघेवर एक स्वर, वरच्या मोकळ्या जागेत पुढचा, म्हणजे पेटीची एकेक पांढरी. सुरुवातीला वेटोळं असतं ते ट्रेबल क्लेफ, खालून दुसऱ्या रेघेला गुंडाळलेलं, ती रेघ जी ची म्हणजे आपली पांढरी 5 (सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या डावीकडून 1, 2 अशा मोजायच्या, काळ्या वेगळ्या), तिथून वरखाली मोजत जायचं. 4/4 लिहिलं असेल तर एका खान्यात चार मात्रा, त्यात भरीव दांडीवाला ठिपका एक मात्रा, पोकळ दांडीवाला दोन, नुसता पोकळ गोल चार.

भाचीने पेटीवर बोट ठेवून विचारलं, पांढरी 3 आणि 4 च्या मध्ये काळी नाहीच, मग कागदावर अंतर सारखंच कसं? एकदम बरोबर प्रश्न! सप्तकात 12 सारख्या पायऱ्या असतात, दर पायरीला कंपनं साधारण 6 टक्के वाढतात आणि बाराव्या पायरीला दुप्पट होतात, म्हणजे ए, आपली पांढरी 6, हिची कंपनं सेकंदाला 440, तर वरच्या सप्तकातलीची 880. पांढरी 1 ते 2 दोन पायऱ्या, 3 ते 4 एकच, आणि रेघा हा फरक दाखवत नाहीत, तो आपणच लक्षात ठेवायचा.

म्हणून तर क्लेफनंतर शार्पची, म्हणजे स्वर एक पायरी वर घ्या सांगणारी, ती चौकटीसारखी चिन्हं येतात, त्याला की सिग्नेचर म्हणतात. बुवांनी पांढरी 2 चा सा धरला आणि सगळे शुद्ध स्वर लावायचे म्हटले तर गंधाराला पांढरी 4 चालत नाही, काळी 3 लागते, आणि निषादाला पांढरी 1 नाही, काळी 1. झाले दोन शार्प.

तिच्या कागदावर दोनच शार्प होते. तिने ते मोजले, काही न विचारता पांढरी 2 वर बोट ठेवलं आणि भाता मारला.