ठाणे : नगर, रहिवास आणि वाङ्मयपरंपरा

साष्टी बेटाच्या ईशान्य अंगाला, खाडीकाठी वसलेले जुने बंदर आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. आज ते मुंबईचे उपनगर समजले जाते. नगर म्हणून मात्र ते मुंबईहून कितीतरी जुने आहे.

नाव व प्राचीनता : कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या कोरीव लेखांत या नगराचे नाव ‘श्रीस्थानक’ असे येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याजवळ पायासाठी खोदताना राजा अरिकेसरीचा ताम्रपट हाती लागला. त्यावर शके ९३९ (इ. स. १०१७) हे वर्ष आहे. शिलाहारांचे ताम्रपट सहसा तीन पत्र्यांचे असतात. पत्रे जाड कडीत ओवलेले आणि कडीवर गरुडाची मुद्रा. दानलेख असल्याने त्यांत राजाच्या स्तुतीबरोबर गावांची, वस्त्यांची व रहिवाशांचीही नोंद होते, म्हणून स्थळनामांच्या अभ्यासात त्यांचे मोल मोठे. शिलाहारांची मूळ राजधानी ‘पुरी’ कोणती, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक ती घारापुरी मानतात, तर काही जंजिऱ्याजवळची राजपुरी. पुढे सत्तेचे केंद्र श्रीस्थानकाकडे सरकले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अल्‌ बीरूनी या प्रवासी विद्वानाने अकराव्या शतकात ‘ताना’ ही कोकणाची राजधानी म्हटली आहे, त्याच्याशीही ते जुळते.

‘ठाणे’ म्हणजे लष्करी चौकी, त्यावरून गावाचे नाव पडले, अशी एक समजूत आहे. ती टिकत नाही. दहाव्या शतकातील अल्‌ मसूदी हा अरब प्रवासी ‘ताना’ हेच रूप देतो. अरबीत ‘ठ’ नाही, हे ध्यानात घेतले तर त्यामागे ‘ठाण’ हा उच्चार सहज दिसतो. म्हणजे पत्र्यावर ‘स्थानक’ कोरले जात होते त्या काळातही लोकांच्या तोंडी प्राकृत वळणाचे नाव असले पाहिजे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वृत्तान्तात, आणि नंतर पोर्तुगीज कागदांत ‘काकाबे दे ताना’ असे, तेच नाव पुढे चालू राहते. त्यातील ‘काकाबे’ हे ‘कसबा’चे रूप असावे.

पोर्तुगिजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले. १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १९८२ ची.

रहिवास : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किमी. धावून ठाण्यास पोहोचली. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड ठाण्यात, ही रीत याच रुळांवर घडली. चरई, नौपाडा, टेंभी नाका या जुन्या भागांत वाडे व चाळी जाऊन इमारती आल्या. शहरात एके काळी साठ तलाव होते असे सांगतात. त्यांतले निम्म्याच्या आसपास उरले आहेत. मासुंदा तलावाचा काठ मात्र अजून गावाचे अंगण आहे. संध्याकाळी कौपिनेश्वराची घंटा ऐकू येते आणि गाडीतून उतरलेली माणसे घरी जाण्याआधी कठड्यावर घटकाभर टेकतात.

वाङ्मयपरंपरा : ठाण्याचे वाङ्मयीन महत्त्व इथे जन्मलेल्या लेखकांपेक्षा इथे जपल्या गेलेल्या ग्रंथांमुळे अधिक आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. १ जून १८९३ रोजी येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. संस्थापकांतील विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. इंग्रजी पुस्तकांना मान आणि मराठी पोथ्या माळ्यावर, अशा त्या काळात केवळ मराठी ग्रंथ जमवण्यासाठी संस्था उभारणे हे धाडसच होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. आधी ठाणे, मग मुंबई हा क्रम विसरला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

भाव्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास याच संग्राहक वृत्तीतून आला. आधी निबंधरूपाने लिहिलेला हा ग्रंथ नव्या पोथ्या हाती येतील तसा वाढत गेला. जुन्या कवींचे हस्तलिखित काव्य मिळवून ते छापण्याचे कामही भाव्यांनी केले; महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीत दडलेले वाङ्मय उजेडात आणणाऱ्यांतही त्यांचे नाव घेतले जाते. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी ‘सारस्वता’ला पुरवणी जोडली. भाव्यांची काही कालनिश्चिती आता मान्य होत नाही. पण कवींची नावे, पोथ्यांचे ठावठिकाणे आणि उतारे यांसाठी अभ्यासकाला हा ग्रंथ आजही उघडावा लागतो.

‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र येथून १८६६ मध्ये सुरू झाले. गीतकार पी. सावळाराम ठाण्याचे रहिवासी व नगराध्यक्ष होते. मराठी साहित्य संमेलन येथे १९६० (अध्यक्ष रा. श्री. जोग), १९८८ (वसंत कानेटकर) आणि २०१० (उत्तम कांबळे) मध्ये भरले. मासुंदाच्या काठावरील नाट्यगृह १९७८ चे असून त्याला राम गणेश गडकरी यांचे नाव आहे.