सॉसेज उभंच का फाटतं?

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. तिथपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे लेबर डेपर्यंत, तिकडच्या घरांच्या अंगणात ग्रिल पेटलेले असतात. विस्कॉन्सिन राज्यात या ग्रिलवर पहिला मान ब्राटवुर्स्टचा. हे डुकराच्या मांसाचं जाडसर आणि ताजं सॉसेज, ताजं म्हणजे आधी न शिजवलेलं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या लोकांनी ते सोबत आणलं, बिअर बनवण्याची विद्याही त्यांनीच आणली, आणि पुढे दोन्ही एकाच पातेल्यात पडलं. कांदा, थोडं लोणी आणि बिअर यांत सॉसेज मंद आचेवर शिजवायचं आणि मग निखाऱ्यांवर भाजायचं, अशी ही साधी कृती.

या कृतीबरोबर तीन समजुती हमखास ऐकायला मिळतात. बिअरमुळे मांस मऊ होतं, ही पहिली. शिजताना अल्कोहोल सगळं उडून जातं, ही दुसरी. आणि सॉसेज फुटू नये म्हणून ते आधी काट्याने टोचून घ्यावं, ही तिसरी. तिन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत, पण मला खरं लिहायचंय ते तिसरीबद्दल. त्या टोचण्यामागे स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीतलं एक फार सुंदर सूत्र लपलंय.

पहिल्या समजुतीचा निकाल लवकर लागतो. सॉसेजमधलं मांस मुळात बारीक केलेलं असतं, त्याचे लांब तंतू यंत्रातच तुटलेले असतात, त्यामुळे बिअरने मऊ करावं असं तिथे फारसं उरत नाही. बिअरमधली विकरं मांस मऊ करतात असंही सांगतात. पण बिअर तयार होताना माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, काढा चांगला खळखळ उकळला जातो आणि धान्यातली विकरं तिथेच निकामी होतात. बिअर आंबट असते हे खरं, तिचा सामू साधारण 4 ते 4.5 असतो, पण पंधरा-वीस मिनिटांत ही आम्लता सॉसेजच्या बाहेरच्या सालीतून आत शिरून मोठा फरक करू शकत नाही.

मग बिअर करते काय? बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतं, आणि तिचं सगळ्यात मोठं काम हे पाणीच करतं. उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. खाली जाळ कितीही वाढवा, जास्तीची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. निखाऱ्यांना असा कुठलाच लगाम नसतो. त्यांचं तापमान शेकडो अंश असतं. म्हणून बिअरचं पातेलं म्हणजे तापमानाला घातलेली एक मर्यादा, आणि सॉसेजला या मर्यादेची फार गरज असते. का, ते समजण्यासाठी सॉसेजच्या आत डोकावू या.

सॉसेजच्या मिश्रणात वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के मीठ असतं. ते फक्त चवीसाठी नसतं. मिठामुळे स्नायूंमधलं मायोसिन नावाचं प्रथिन तंतूंतून सुटतं आणि चिकट होतं. मिश्रण तापू लागलं की हे मायोसिन उलगडतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि एक जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी आणि चरबीचे कण अडकून राहतात. 70 अंशांच्या आसपास हे जाळं घट्ट पण रसरशीत असतं. तापमान त्याच्या बरंच वर गेलं की जाळं आवळतं, ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर ढकलतं, आणि वितळलेली चरबीही मोकळी होते. कोरडं, भुसभुशीत सॉसेज कुणी खाल्लं असेल तर ते या आवळलेल्या जाळ्याचं फळ.

हे झालं आतलं. बाहेर असते साल. पारंपरिक साल म्हणजे डुकराच्या आतड्याचा स्वच्छ केलेला पातळ थर, मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या ब्राटवुर्स्टचा सर्वांत जुना लेखी पुरावा 1404 सालचा आहे. आर्नश्टाट गावच्या एका मठाच्या हिशेबात एक नोंद सापडते, आणि ती मांसाची किंवा मसाल्याची नाही. ब्राटवुर्स्टसाठी लागणाऱ्या आतड्यांवर एक ग्रोशेन, म्हणजे त्या काळचं एक नाणं, खर्च झाला, एवढीच ती नोंद. सहाशे वर्षांपूर्वीच्या हिशेबनिसाने नेमकं सालीचं नाव लिहून ठेवलं याचा मला फार आनंद होतो, कारण सॉसेजची खरी गंमत सालीतच आहे.

कोलॅजेन 60 ते 65 अंशांच्या सुमारास आकसतं. म्हणजे साल बाहेरून आवळते, त्याच वेळी आतली चरबी वितळून फुगते, आणि तापमान 100 च्या पुढे गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. सॉसेज आता चक्क एक बॉयलर झालेलं असतं.

फुटलेलं सॉसेज आठवून पाहा. भेग कशी असते? जवळपास नेहमी उभी, या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारी. गाजर मोडावं तसं आडवं तुटलेलं सॉसेज तुम्ही क्वचितच पाहिलं असेल. असं का व्हावं? आतला दाब तर सगळ्या दिशांना सारखाच असतो.

उत्तर शाळेतल्या गणिताने काढता येतं. सॉसेज म्हणजे पातळ भिंतीची नळी समजा. तिची त्रिज्या r, सालीची जाडी t, लांबी L आणि आतला जास्तीचा दाब p. मनातल्या मनात ही नळी उभी चिरून दोन पन्हळी करा. दाब या दोन पन्हळींना एकमेकींपासून दूर ढकलतो. ज्या आयतावर तो काम करतो त्याची रुंदी 2r आणि लांबी L, म्हणून बल झालं p × 2r × L. त्यांना धरून ठेवतात सालीच्या दोन कडा, त्यांचं क्षेत्रफळ 2 × t × L. भागाकार केला की सालीतला ताण येतो p × r ÷ t.

आता तीच नळी आडवी कापा. दाब काम करतो वर्तुळावर, बल p × πr². धरून ठेवते सालीची गोल कड, तिचं क्षेत्रफळ 2πr × t. ताण आला p × r ÷ 2t. म्हणजे पहिल्याच्या बरोबर निम्मा! नळीभोवती गोल फिरणारा ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. गोल ताण साल जिथे फाडतो तिथे उभी भेग पडते. साल दोन्ही दिशांना साधारण सारखीच मजबूत असेल तर ती आधी उभीच फाटणार.

हेच सूत्र बॉयलरला, गॅसच्या सिलिंडरला आणि पाण्याच्या नळाला लागू पडतं. थंड प्रदेशात पाणी गोठून नळ फुटतात, तेही बहुधा उभेच. जर्मन भाषेत या सूत्राचं औपचारिक नाव बॉयलरचं सूत्र असं आहे, पण बोलीत त्याला बॉकवुर्स्ट सूत्र म्हणतात, बॉकवुर्स्ट हा सॉसेजचाच एक प्रकार. सूत्राला इतकं समर्पक नाव दुसरं सुचणार नाही.

थोडे आकडे घालून पाहू. सॉसेजची त्रिज्या 16 मिलिमीटर आणि सालीची जाडी 0.2 मिलिमीटर धरली तर r ÷ t झालं 80. म्हणजे आतला दाब सालीत ऐंशी पटींनी वाढलेल्या ताणाच्या रूपात उतरतो. आतलं पाणी कुठे 110 अंशांपर्यंत तापलं तर वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 1.4 पट होतो, म्हणजे जास्तीचा 0.4 पट. त्याला 80 ने गुणलं की सालीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटर छेदावर साधारण 34 किलो वजन टांगल्यासारखी स्थिती होते. प्रत्यक्षात साल थोडी वाफ झिरपू देते आणि ताणलीही जाते, त्यामुळे हा आकडा टोकाचा आहे. तरी बिचाऱ्या आतड्यावर केवढा भार येतो याची कल्पना त्यावरून यावी. बारीक सॉसेज कमी फुटतात याचं कारणही याच सूत्रात आहे: r लहान, म्हणून ताण कमी.

आता बिअरकडे परत या. पातेल्यातली बिअर 75 ते 80 अंशांवर ठेवली, म्हणजे वर हलकी वाफ दिसते, तळाशी एखाद-दुसरा बुडबुडा सुटतो पण खळखळ उकळत नाही, तर सॉसेजच्या आत पाण्याची वाफ होऊन दाब वाढण्याचा प्रश्नच येत नाही. मायोसिनचं जाळं शांतपणे घट्ट होतं. खळखळ उकळलं तर मात्र जाळं आवळतं आणि कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन होऊन साल कमजोर पडते. अशी साल निखाऱ्यांवर गेली की लगेच उकलते.

किती वेळ ठेवायचं, हेही उष्णतावहनाच्या गणिताने काढता येतं. फ्रिजमधून काढलेलं 5 अंशांचं, 32 मिलिमीटर जाड सॉसेज 80 अंशांच्या द्रवात टाकलं, तर त्याचा मध्य 71 अंशांवर यायला सुमारे 14 मिनिटं लागतात. सॉसेज टाकल्यावर द्रव निवतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं धरावीत. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही, चौपट होतो, कारण उष्णता आत झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 71 अंश हा आकडा अमेरिकी कृषी विभागाने डुकराच्या किंवा गोमांसाच्या ताज्या सॉसेजसाठी दिलेला आहे, कोंबडीच्या किंवा टर्कीच्या सॉसेजसाठी 74. आतला रंग बघून अंदाज करू नये, अन्नाचा थर्मामीटर टोकाकडून मध्यापर्यंत खुपसून पाहावं. आणि बिअर जंतू मारते या भरवशावर तर मुळीच राहू नये. पाच टक्के अल्कोहोलने कच्चं मांस निर्धोक होत नाही. जंतू मरतात ते उष्णतेने.

टोचण्याबद्दल काय? भोकातून दाब सुटतो हे खरंच आहे. पण त्याच भोकातून चरबी आणि रसही सुटतो, निखाऱ्यांवर पडतो आणि ज्वाळा उठतात. शिवाय ताणलेल्या पापुद्र्यात भोक पाडलं की भोकाच्या काठाशी ताण एकवटतो. गुस्टाव किर्श या जर्मन अभियंत्याने 1898 साली सपाट पत्र्यातल्या गोल भोकाचं गणित मांडलं. नळीतल्या दोन दिशांचे ताण त्यात घातले तर भोकाच्या काठाशी मूळ गोल ताणाच्या अडीच पट ताण येतो. ओली, लवचीक साल म्हणजे पोलादी पत्रा नव्हे, पण कल तोच राहतो. आच तीव्र असली की वाफ भोकातून निघून जाण्याआधीच भेग त्या भोकापासून सुरू होते. हळू शिजवलं तर टोचण्याची गरज उरत नाही, म्हणून मी टोचू नका असंच सांगेन.

अल्कोहोल 78 अंशांना उकळतं म्हणून ते आधी उडून जातं, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल वेगळं उकळत नाही, मिश्रण एकत्र उकळतं, पाच टक्क्यांची बिअर साधारण 96 अंशांना. वाफेत अल्कोहोलचा वाटा द्रवातल्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे ते भराभर कमी होतं खरं, पण जसजसं कमी होतं तसतसा वाफेतला त्याचा वाटाही घटत जातो आणि थोडं मागे राहतंच. 1992 साली अमेरिकेत यावर मोजमापं झाली. त्यातून आलेल्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून 15 मिनिटं मंद शिजवलं तर सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने 25 टक्के, अडीच तासांनीही 5 टक्के. एका सॉसेजबरोबर पोटात जाणारं प्रमाण फार लहान आहे, तरी पाहुण्यांत गर्भवती असतील, दारू सोडलेलं कुणी असेल किंवा धर्माने ती न घेणारं कुणी असेल, तर आधी सांगायलाच हवं. ‘सगळं उडून गेलंय’ असं सांगून खाऊ घालणं मला पटत नाही. त्यांच्यासाठी पातेल्यात मांसाचं पाणी किंवा नुसतं मीठ-कांद्याचं पाणी वापरा. तापमान सांभाळण्याचं काम तेही तितकंच चोख करतं.

चवीत मात्र फरक पडतो. बिअरमधल्या हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या कडू फुलांचा, कडवटपणा वाफेबरोबर उडत नाही. द्रव आटतो, कडवटपणा मागे राहून गडद होतो. म्हणून फार कडू बिअर आटवून कांद्याची परतण करू नये, माल्टची गोडसर चव असलेली बरी. सालीवर चिकटलेली माल्टची साखर आणि अमिनो आम्लं पुढे निखाऱ्यांवर खरपूस रंग आणायला मदत करतात.

एक दावा अधूनमधून डोकं वर काढतो: बिअरमुळे ग्रिलवरच्या मांसातली कर्करोगकारक द्रव्यं नाहीशी होतात. त्याच्या मुळाशी पोर्तुगालमधल्या संशोधकांचा 2014 सालचा एक चांगला प्रयोग आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे त्यांनी चार तास बिअरमध्ये मुरवले आणि कोळशावर भाजले. काळ्या बिअरने धुरातून येणारी काही घातक संयुगं 53 टक्क्यांनी कमी झाली, साध्या पिल्सनरने, म्हणजे फिकट बिअरने, 13 टक्क्यांनी. कमी झाली, नाहीशी नाही. आणि सालीत बंद असलेलं, पंधरा मिनिटं बिअरमध्ये शिजलेलं सॉसेज त्या प्रयोगात नव्हतंच. ही संयुगं कमी करायची असतील तर चरबी निखाऱ्यांवर पडू देऊ नये, हा उपाय जास्त भरवशाचा, आणि न टोचलेलं, आधीच शिजलेलं सॉसेज तो आपोआप साधतं. त्याला मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, उलटसुलट करत, फक्त रंग येईपर्यंत ठेवायचं असतं.

विस्कॉन्सिनमध्येच शेबॉयगन नावाचं गाव स्वतःला ब्राटवुर्स्टची राजधानी म्हणवतं. तिथले जाणकार हा क्रम उलटा करतात. कच्चं सॉसेज मंद निखाऱ्यांवर धीराने पूर्ण भाजायचं आणि मग पंगत बसेपर्यंत बिअर-कांदा-लोण्याच्या पातेल्यात ठेवायचं. यातही गणित तेच आहे, फक्त तापमान सांभाळण्याची जबाबदारी बिअरऐवजी भाजणाऱ्याच्या हातावर येते. पातेलं 60 अंशांच्या वर ठेवलं तर सॉसेज तिथे सुरक्षित राहतं. मात्र भाजून कुरकुरीत झालेली साल त्यात पुन्हा ओली होऊन मऊ पडते.