डायल-अप जोडणी, कमांड लाइनवरून

साध्या टेलिफोन लाइनवरून मोडेमने इंटरनेट सेवादात्याच्या मोडेमला फोन लावायचा आणि त्या चालू कॉलवरूनच संगणकाने इंटरनेट गाठायचे, ही डायल-अपची रीत. हे सारे काम टर्मिनलवर आज्ञा देऊन करता येते; लिनक्स आणि बीएसडीवर बराच काळ तीच नेहमीची पद्धत होती. वरकरणी ती किचकट वाटते. पण जोडणी अडली तर नेमकी कुठे अडली ते तिच्यात दिसते, आणि डायल-अप वारंवार अडत असे.

अडायला जागाही पुष्कळ. येथे एकापाठोपाठ तीन संभाषणे होतात: संगणकाचे मोडेमशी, मोडेमचे पलीकडच्या मोडेमशी आणि शेवटी दोन्हीकडच्या पीपीपी (फोनच्या दुव्यावरून इंटरनेटची माहिती नेण्याची ठरलेली पद्धत) प्रोग्रॅमांचे एकमेकांशी.

पहिल्या संभाषणाची भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमने रूढ केली. तिच्या बहुतेक आज्ञा 'एटी'ने सुरू होतात. 'एटीझेड'ने मोडेम मूळ स्थितीवर येतो, 'एटीडीटी'पुढे नंबर दिला की टोनने फोन लागतो, जुन्या पल्स एक्स्चेंजसाठी 'एटीडीपी', फोन ठेवायला 'एटीएच'. उत्तरे येतात ती 'ओके', 'कनेक्ट', 'बिझी', 'नो कॅरियर' अशी. डायल टोन असूनही मोडेमला तो ओळखता येत नसेल, तर 'एटीएक्स३' दिल्यावर तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. मिनिकॉमसारख्या, मोडेमशी थेट बोलू देणाऱ्या प्रोग्रॅममधून हे हाताने करून पाहावे. मोडेम ज्या सीरियल पोर्टला असतो त्याचे नाव त्यात द्यावे लागते; लिनक्सवर 'टीटीवायएस०' म्हणजे विंडोजचा कॉम १. साध्या 'एटी'लाही उत्तर नसेल तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही: पोर्ट चुकला असेल, डेबियन या लिनक्सवर वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल, किंवा मोडेम 'विनमोडेम' असेल. या स्वस्त कार्डांनी मोडेमचे बरेचसे काम मुख्य प्रोसेसरवर ढकललेले असते आणि योग्य ड्रायव्हरशिवाय ती मुकी राहतात. बाहेरून सीरियल पोर्टला जोडायचा मोडेम महाग पडे, पण डोकेदुखी वाचे.

दुसऱ्या संभाषणात आपला हात फारसा नसतो. तो प्रसिद्ध कर्कश आवाज म्हणजे दोन मोडेम लाइन पारखून वेग ठरवत असल्याची खूण. १९९८ च्या व्ही.९० मानकाचे सेकंदाला ५६ किलोबिट फक्त उतरवण्यासाठी (डाउनलोड); चढवण्याचा (अपलोड) वेग ३३.६ च. मोडेम माहिती दाबून पाठवत असल्याने पोर्टचा वेग मात्र त्याहून बराच जास्त, बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवतात.

तिसरे संभाषण 'पीपीपीडी' हा आपल्याकडचा पीपीपी प्रोग्रॅम सांभाळतो. आधी तो 'चॅट' या छोट्या प्रोग्रॅमकडून फोन लावून घेतो. चॅटच्या स्क्रिप्टमध्ये 'हे ऐकू आले की ते पाठव' अशा जोड्या असतात. 'कनेक्ट' आल्यावर पीपीपी आधी दुव्याच्या अटी ठरवते, मग पॅप किंवा चॅप पद्धतीने ओळख पटवते आणि शेवटी आयपी पत्ता मिळवते. सेवादात्याची माहिती 'पीअर्स' फोल्डरमधल्या फाइलीत जाते, पासवर्ड 'पॅप-सीक्रेट्स' किंवा 'चॅप-सीक्रेट्स'मध्ये; या फाइली रूट या प्रशासक खात्याखेरीज कोणाला वाचता येऊ नयेत. पर्यायांपैकी 'नोऑथ' हमखास राहून जातो. तो नसेल तर काही वेळा पीपीपीडी सेवादात्याकडेच ओळख मागतो, आणि ती देण्याची सोय पलीकडे सहसा नसते.

डेबियनवर 'पॉन'ने जोडणी सुरू होते, 'पॉफ'ने तुटते, 'प्लॉग' नोंदी दाखवतो. स्क्रिप्ट लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी 'डब्ल्यूव्हीडायल' आहे. त्याचा जोडीदार 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' मोडेम स्वतःच शोधतो. विंडोजवर आधी तयार केलेली जोडणी 'रासडायल' या आज्ञेने लावता येते.

पीपीपीडी बंद पडताना देतो तो क्रमांक पाहावा. ८ म्हणजे चॅट स्क्रिप्टच फसली, दोष पहिल्या दोन संभाषणांत. १९ म्हणजे आपली ओळख पटली नाही. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. जोडणी झाली पण साइट उघडत नसेल, तर आधी एखादा आयपी पत्ता पिंग करावा, म्हणजे तिथून उत्तर येते का ते पाहावे. तो पोचत असेल तर डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची, नोंद झालेली नाही. 'यूजपीअरडीएनएस' हा पर्याय द्यावा. तोही पोचत नसेल, तर इथरनेट कार्डाचा जुना डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या माहितीचा नेहमीचा मार्ग) शिल्लक आहे का ते पाहावे: 'डीफॉल्टरूट' दिला तरी पीपीपीडी आधीचा रूट सहसा बदलत नाही, तो आपणच काढून मग पुन्हा फोन लावावा लागतो.