अटॅकनंतर बायकोजवळ जायचं नाही?

‘अटॅक येऊन गेलाय, आता बायकोजवळ गेलास तर जीव जाईल.’ पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं जातं. ते खरं नाही. संबंधाच्या वेळी हृदयावर ताण येतो तो साधारण दोन जिने भरभर चढण्याइतका. रोजच्या चालण्या-चढण्यात छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरुवात करता येते.

ताठरता कमी पडण्यामागे भीती, मधुमेह, कधी बीपीची गोळीही असते. ती मनाने बंद करू नका.

खरा धोका वेगळाच: उशाशी सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, आणि मेडिकलमधून गुपचूप आणलेली सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची गोळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. डिस्चार्जच्या वेळी मीठ-तेलाचं विचारता ना? तेव्हाच हेही विचारा, बायकोला सोबत घेऊन.