लाल दिव्याने जवानाचा पाय दोन दिवसांत बरा होतो?

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: सैन्यात लाल प्रकाशाने दुखापती दोन दिवसांत बऱ्या करतात, घरी लाल बल्ब लावा, जितका जास्त वेळ तितका गुण जास्त.

मुळात काहीच नाही असं नाही. साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीचा (लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा) प्रकाश पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर परिणाम करतो आणि काही दुखण्यांत वेदना थोडी कमी होते. जवानांच्या स्नायू-सांध्यांवर त्याचे प्रयोगही होतात. पण शेकायचा लाल बल्ब मुख्यतः उष्णता देतो. बरं वाटतं ते शेकानं.

खरी गोम मात्रेत आहे. 100 मिलिवॅटचं यंत्र एका जागी 40 सेकंद धरलं की 4 जूल ऊर्जा पोचते, हीच मात्रा. मात्रा फार वाढवली तर परिणाम उलट घटतो, म्हणून अर्धा तास धरून जास्त गुण येत नाही. विकत घेताना डब्यावर नॅनोमीटर आणि मिलिवॅट दोन्ही पाहा. नुसतं ‘शक्तिशाली’ लिहिलं असेल तर हिशेबच करता येत नाही. डोळ्यांवर मात्र कधीच मारू नका.

भरती झालेल्या नव्या पोरांना धावून-धावून नडगी दुखते, तिथे गफलत होते. दुखणं नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणाचा ताण. एकाच बिंदूवर बोट टेकताच कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी आधी धावणं बंद, मग डॉक्टर. चीर सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, दिवा लावा वा नका लावू.